मुकादमाची आठवी भाषा

निपाणीच्या त्या तंबाखूच्या वखारीत पाऊल टाकलं की माणसाला आधी शिंक यायची, मग डोळ्यांतनं पाणी यायचं आणि मग समोर गुंडू मुकादम दिसायचा. ह्या तिन्हीत वाईट काय, असं चाळणीवरच्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर ती पदराआडून म्हणाली असती, "शिंक निदान थांबती की."

गुंडूचं तोंड कधी रिकामं नसायचं. पान, जर्दा आणि काल रात्रीच्या सुक्या मासळीचा वास ह्यांचा त्यात एकत्र संसार चाललेला. बोलायच्या आधी तो घशाच्या तळातनं काहीतरी ओढून वर आणायचा, ख्ख्ररर, ते जिभेवर घोळवायचा, जणू विकत घ्यायच्या आधी चव बघतोय, आणि ते कुठं टाकावं ह्याचा विचार करताना समोरच्या बाईकडं बघत राहायचा. उजव्या करंगळीचं नख त्यानं हौसेनं वाढवलं होतं. त्यानं तो कान कोरायचा, निघालेला ऐवज उजेडात धरून बघायचा आणि त्याच नखानं चाळणीतली भुकटी उचलून हुंगायचा. "माल बरा हाय," म्हणायचा.

पण मालकाला तो सोन्यासारखा, कारण गुंडूला सात भाषा येत. वखारीत एका चाळणीवर संकेश्वराकडची कानडी बाई, दुसरीवर कागलची मराठी, तिसरीवर हिंदुस्तानी बोलणारी, आणि पोती घेऊन येणारे व्यापारी तर कुठकुठले. मराठी, कानडी, हिंदुस्तानी, तेलगू, कोकणी, मोडकी गुजराती आणि गोरा साहेब आलाच तर "येस सर, व्हेरी गुड टोबॅको सर," ही सातवी. प्रत्येक भाषेतल्या शिव्या त्यानं आधी शिकलेल्या, बाकीची भाषा मागनं जमेल तशी. "गुंडूला येत न्हाय अशी भाषा अजून आईच्या पोटातनं भाईर आली न्हाय," असं तो स्वतःच सांगत फिरायचा. त्यामुळं बायकांची फार पंचाईत होती. कानडीत कुजबुजलं तरी त्याला कळायचं, हिंदुस्तानीत पुटपुटलं तरी कळायचं. वखारीत लपून बोलायला भाषाच उरली नव्हती.

आणि बोलायला तर हवं होतं.

संध्याकाळी काम सुटलं की बायकांनी एकेक करून धाकट्या दारातनं बाहेर पडायचं. कुणी पदरात, निऱ्यांत मूठभर तंबाखू नेऊ नये म्हणून तिथं झडती. झडती घ्यायचा गुंडू. तंबाखू कुणाकडंच सापडत नसे, पण गुंडूचा हात शोध सोडत नसे. तो हात ओलसर होता. वाळत घातलेल्या आणि न वाळलेल्या फडक्यासारखा. जिथं तंबाखू असायचं कारण नाही तिथंही तो रेंगाळायचा, आणि वर गुंडूचं तोंड कानाशी येऊन म्हणायचं, "सरकारी काम हाय बाई, मी तरी काय करू." घरी गेल्यावर बाई पहिलं काय करायची तर अंग घासायची. धुवायला पाहिजे होता त्याचा हात, पण धुवावं लागायचं हिचं अंग.

ह्याच वखारीत अंबुबाई तंबाखू चाळायची. तिचं माहेर खानापूरच्या पलीकडं, रानाला लागून. बाप लाकूडतोडीच्या कामावर. त्या घरात दिवेलागण झाली की सापाला साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं. वाघाला वाघ नाही, थोरला म्हणायचं. लहान अंबूनं आईला विचारलं होतं, "का गं?" आई म्हणाली, "नाव घेतलं की येतंय." पोरीनं ते मनावर घेतलं आणि रानाच्या गार्डाला 'खोकला' असं नाव ठेवून टाकलं. गार्ड पायवाटेवर दिसला की ती ओरडायची, "बाबा, खोकला आला." बाप चोरून चालवलेली कुऱ्हाड पाल्यात सारायचा. गार्ड येऊन विचारायचा, "कुणाला खोकला?" अंबू खो-खो करून दाखवायची, तेसुद्धा हुबेहूब गार्डाच्याच आवाजात. बापानं तिला त्यासाठी मार दिला आणि मग गूळही दिला.

लग्न होऊन ती निपाणीला आली. नवरा रवळू, तंबाखूच्या पोत्यांची बैलगाडी हाकायचा. बैलांशी दिवसभर बोलून घरी यायचा आणि घरात म्हणायचा, "हं." सासू दिवसभर म्हणायची, "आगं माझ्या कर्मा," आणि अंबुबाई चुलीपुढं तसंच, त्याच हेलात, हळूच म्हणून बघायची. तोंडातल्या तोंडात माणसं वाजवून बघायची तिला खोडच होती. गुंडूची ती ख्ख्ररर तर तिला इतकी बेमालूम जमायची की एकदा चाळणीवर तिनं काढली आणि बायका चटकन पदर सावरून बसल्या. पुन्हा तिनं ती काढली नाही. बायकांचे हात पदराकडं कसे गेले ते तिनं पाहिलं होतं.

त्या वर्षी, दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडंसं आधी, तिची धाकटी जाऊ शालू वखारीत येऊ लागली. विशीतली, हसरी, भाकरी थापताना गाणारी. आषाढात आली आणि श्रावण लागायच्या आत गाणं थांबलं. संध्याकाळी विहिरीवर जाऊन ती काथ्यानं अंग घासायची, दंडावरनं रक्त फुटेपर्यंत. नंतर जेवण सुटलं. ताटावर बसायची आणि स्वतःच्याच हाताकडं बघत राहायची. सासूला वाटलं डोहाळे. मग वाटलं बाहेरचं लागलं. देवऋषी बोलवायची भाषा सुरू झाली. शालूच्या गळ्याची हाडं वर आली होती.

"शालू, काय झालंय गं?" अंबुबाईनं विहिरीवर विचारलं.

"कुठं काय आक्का. काय न्हाय."

अगदी हेच, ह्याच आवाजात, अंबुबाईनं स्वतः तीन वर्षांमागं कुणालातरी सांगितलं होतं.  ती तिथंच दगडावर बसली. पोरीला सांगायचं होतं, पण सांगायचं कशात? मराठीत त्या गोष्टीला जे शब्द होते त्या सगळ्या शिव्या होत्या, आणि सगळ्या बाईच्याच नावानं. पुरुषाच्या त्या हाताला काही नावच नव्हतं. तोंड उघडलं की घाण सांगणारीच्या ओठाला लागणार, हात लावणारा कोरडा.

दुसऱ्या दिवशी दोघी समोरासमोर चाळत होत्या. गुंडू पलीकडं उभा राहून काखेत खाजवत होता, मन लावून, डोळे मिटून. अंबुबाईनं त्या हाताकडं डोळे नेले आणि म्हणाली, "झुंफ."

"काय आक्का?"

"झुंफ," अंबुबाई म्हणाली. कुठल्याच भाषेत नसलेला शब्द, आत्ताच तोंडात आलेला.

शालूनं हाताकडं पाहिलं. आक्काकडं पाहिलं. चाळण थांबली. "आक्का, तुला पण?" असं काहीतरी तिच्या ओठांवर आलं होतं, पण ती एवढंच म्हणाली, "झुंफ." आणि मग किती दिवसांनी पोर हसली, हसताना तिच्या नाकात भुकटी गेली, आणि शिंका थांबेनात.

गुंडूनं डोळे उघडले. "काय चाललंय गं?"

"शिंक, मुकादम," अंबुबाई म्हणाली.

मग ती बोली वाढत गेली. मुकादम झाला खडुफ. धाकटं दार आरप. बाई सुवी. बेळगावच्या खडेबाजारात दुकान थाटून बसलेला मालक निमोल. नको म्हणायचं तर टाळूला जीभ लावून नुसतं 'च्'. झालेल्या गोष्टीपुढं 'मा', व्हायच्या गोष्टीपुढं 'टी'. कायदा एकच, आणि तो कडक: मराठी, कानडी, हिंदुस्तानी, कुठल्याही ओळखीच्या भाषेतला शब्द आणायचा नाही. जी आणील तिनं दिवसाची भुकटी झाडायची. वखारीतली सगळ्यात म्हातारी जयाबाई झाडून झाडून बेजार झाली. तिला दर वाक्याआधी "अगं बाई" म्हणायची सवय. शेवटी अंबुबाईनं तिला 'अगं बाई'साठी वेगळा शब्द करून दिला, 'पुलंद'. मग जयाबाई दिवसभर पुलंद-पुलंद करत बसली, कुणी काही विचारलं नाही तरी.

आणखी एक गंमत झाली, जी अंबुबाईनं काही ठरवलेली नव्हती. आजवर कानडी बाईनं मराठीत 'तो भाकरी' म्हटलं की मराठी बायका फिदीफिदी हसायच्या, आणि मराठीनं कानडी बोलायला तोंड उघडलं की पलीकडच्या चाळण्या थांबायच्या. ही बोली मात्र कुणाच्याच आईची नव्हती. सगळ्याच चुकत होत्या, त्यामुळं हसायचं तर सगळ्यांनाच. संकेश्वरची बाई आणि कागलची बाई पहिल्यांदा एका पानावर बसून भाकरी खाऊ लागल्या.

पण मुख्य गोष्ट ती नव्हे. मुख्य गोष्ट ही की झुंफ हा शब्द कोरा होता. त्याला कुणाच्या अब्रूचा डाग नव्हता. बायका तो उघड्या तोंडानं बोलू लागल्या. 'झुंफ मा', काल झालं. 'झुंफ मा', मलाही. एकीनं म्हटलं, मग दुसरीनं, मग एका ओळीत सगळ्यांनी. तेव्हा प्रत्येकीला पहिल्यांदा कळलं की आपण एकटी नाही. किती वर्षं शेजारी बसून चाळत होत्या. शालू रात्री अर्धी भाकरी खाऊ लागली. पण झडती चालूच होती आणि काथ्याही चालूच होता. नुसतं नाव ठेवून लांबडं घरातनं जात नाही, हे अंबुबाईला माहेरीच कळलं होतं. त्याला काठी लागते.

काठी गुंडूनंच हातात दिली.

भाद्रपद लागता लागता मालक बेळगावहून माल बघायला आला. पोटावर रेशमी उपरणं, नाकाला अत्तराचा रुमाल, आणि वाक्य दोनदा म्हणायची सवय. त्या अत्तरात घाम मिसळून जो वास आला तो तंबाखूलाही सोसला नाही. चाळण्यांजवळनं जाताना त्याच्या कानावर बायकांचं बोलणं पडलं.

"ही कसली भाषा रं, गुंडू? कसली भाषा?"

गुंडूला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. गेले पंधरा-वीस दिवस तो कान टवकारून थकला होता. पण येत नाही म्हणायचं कसं? येतंय म्हणूनच तर तो मुकादम होता. त्यानं घशातलं ओढलं, घोळवलं, गिळलं. मालकापुढं तो गिळायचा.

"खानापूरच्या रानातली बोली हाय मालक. ह्या अंबीनं आणलीया. मला येती की. लहानपणी त्याच रानात होतो न्हवं मी."

"काय म्हणत्यात मग? काय म्हणत्यात?"

"म्हणत्यात, मालक आल्यात, नीट काम करा गं."

बायका खाली माना घालून चाळत राहिल्या. अंबुबाईची चाळण मात्र क्षणभर हवेतच राहिली. मालक गेल्यावर ती शालूकडं वाकली आणि त्यांच्या बोलीत म्हणाली की खडुफाला आपली बोली येते, मग त्याच्याशी बोलायला काय हरकत आहे.

दुसऱ्या दिवसापासनं बायका दारात झडतीला उभ्या राहिल्या की एकेक करून गुंडूच्या तोंडावर सांगायच्या, "खडुफ झुंफ आरप च्. सुवी आरप." म्हणजे मुकादमाचा हात दारात नको, दारात बाई ठेवा. सांगायच्या अगदी अदबीनं, हात जोडून. हमाल, गाडीवान, दिवाणजी तिथंच उभे असायचे, आणि गुंडूला ही बोली येते हे आता साऱ्या वखारीला ठाऊक झालेलं.

"हं, हं," गुंडू मान डोलवायचा. "कळलं, कळलं. बघतो."

"काय म्हणाली रं ती?" एखादा हमाल विचारायचा.

"पगाराचं इचारत्या." दुसऱ्या दिवशी, "सणाची सुट्टी पायजे म्हणत्या." एकदा तर बाजारात चहाच्या दुकानात त्यानं ही बोली बोलूनही दाखवली, म्हणजे तोंडानं काहीतरी फुर्र-फार्र केलं, आणि लोकांनी वाहवा केली. रवळूनं घरी येऊन ते सांगितलं. बैलांशी नाही, बायकोशी, म्हणजे गोष्ट मोठीच.

आश्विनात खंडेनवमी आली. त्या दिवशी वखारीत तराजू, वजनं, चाळण्या आणि दोरखंड मांडून पूजा व्हायची. मोठ्या तराजूला झेंडूची माळ, पारड्यात नारळ. मालक बेळगावहून यायचा, आणि त्या एका दिवशी कामकऱ्यानं मालकापुढं तोंड उघडलं तरी चालायचं. ह्या वखारीची आणखी एक समजूत होती. पूजेच्या तराजूवर हात ठेवून खोटं बोललं तर वर्षभर वजन घटतं. मालक देवाला जेवढं भ्यायचा त्याच्या दुप्पट ह्याला भ्यायचा.

प्रसाद वाटून झाला. मालक पेढा चघळत विचारता झाला, "कुणाचं काय म्हणणं? म्हणणं काय?"

अंबुबाई पुढं झाली. 

"म्हणणं सांगून झालंय मालक. महिनाभर रोज सांगतोय मुकादमास्नी. आमच्या बोलीत. त्यास्नी येती न्हवं."

"काय रं? सांगितलं हिनं? सांगितलं?"

गुंडूच्या तोंडातला रस हनुवटीवर आला. तो त्यानं बाहीनं पुसला. "तसं कायबाय बोलत्यात मालक बायका."

"तराजूवर हात ठेव की मुकादम," अंबुबाई म्हणाली. "सणाचा दिवस हाय."

साऱ्यांचे डोळे मालकाकडं गेले. मालक चघळायचा थांबला. "ठेव," तो म्हणाला. एकदाच म्हणाला.

गुंडूनं हात ठेवला. तो ओलसर हात झेंडूच्या माळेवर पडलेला पाहून शालूनं तोंड फिरवलं.

"तुला ही बोली येती का न्हाय?" मालकानं विचारलं.

आता येत नाही म्हणावं तर भाद्रपदात मालकाला थाप मारली हे उघडं पडतं, आणि बाजारातली फुर्र-फार्रही. येते म्हणावं तर महिनाभर काय ऐकत होतास? गुंडूचे डोळे वखारभर फिरले. आणि मग त्या माणसातलं जे सगळ्यात जुनं होतं तेच वर आलं.

"येती की. येत नसायला काय झालं."

"बोल गं अंबू, काय सांगितलंस ते."

"खडुफ झुंफ आरप च्," अंबुबाई म्हणाली. "सुवी आरप."

"काय म्हणाली?"

"म्हणाली," गुंडूनं तोंडातला रस गिळला, "मालकास्नी उदंड आयुष्य मिळू दे."

"मालक, तुमी दुसऱ्या कुणालाबी इचारा," अंबुबाई म्हणाली. "कुणालाबी."

मालकानं बोट फिरवलं आणि ते जयाबाईवर थांबलं. जयाबाई घाबरून म्हणाली, "पुलंद," आणि पुढं तिला काही सुचेना. गुंडू हसू लागला, त्याच्या दातांतला हिरवा चोथा दिसला.  सगळ्या बायकांना अर्थ ठाऊक होता, पण तो मराठीत, पुरुषांपुढं, मालकापुढं सांगायचा म्हणजे तेच जुने शब्द, तीच जुनी घाण.  आपण एवढ्या लांब येऊन इथंच अडकलो की काय, असं अंबुबाईला वाटलं.

"मी सांगते," शालू म्हणाली.

ती पुढं आली. दंडावर काथ्याचे ओरखडे होते, ते तिनं झाकले नाहीत.

"ती म्हणाली, दारात झडतीला मुकादमाचा हात नको. बाई ठेवा. तो हात," आणि इथं ती थांबली, मराठीत शब्द शोधत राहिली, सापडेना, आणि तिनं आपलाच उचलला, "तो झुंफ हाय मालक. तंबाखू शोधत न्हाय. आमचं अंग शोधतोय. मला जेवण जात न्हाय."

पलीकडनं एक बाई म्हणाली, "झुंफ." मग आणखी एक. मालकाला शब्द माहीत नव्हता, पण तो साऱ्या बायकांच्या तोंडून जसा येत गेला तसा त्याला अर्थ विचारावा लागला नाही. दारापाशी उभा असलेला रवळू पुढं सरकला.  हातातला बैलांचा चाबूक नुसता गुंडाळून घेतला.

मालक काय म्हणाला ते ऐकण्यासारखं आहे. बायकांकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"माझ्या तराजूवर खोटं बोललास? सणासुदीला? तराजूवर?" त्यानं दिवाणजीला पाणी आणायला लावलं, झेंडूची माळ काढून टाकली, पारडं स्वतःच्या हातानं तीनदा धुतलं, नवी माळ घातली. पोरीच्या दंडापेक्षा त्याला पितळ जास्त दुखलं होतं. मग उपरण्याला हात पुसत तो म्हणाला, "उद्यापासनं दारात जयाबाई. आणि गुंडू, तू गोदामात पोती मोज. भाईर दिसू नको. दिसू नको." झालं. एवढाच न्याय. पेढ्याचा उरलेला तुकडा त्यानं तोंडात टाकला.

शिसारी यावी असाच तो न्याय होता, पण बायकांनी तो घेतला. जयाबाईची झडती म्हणजे काय तर बाईनं आपलाच पदर आपल्या हातानं झटकून दाखवायचा. जयाबाई लांबनं बघायची आणि म्हणायची, "पुलंद, जा." त्या रात्री शालूनं दीड भाकरी खाल्ली आणि तिसरी थापताना काहीतरी गुणगुणली. काथ्या चुलीत गेला. सासू म्हणाली, देवऋषी न आणताच उतरलं की.

अंबुबाई पुढं देश स्वतंत्र होईपर्यंत त्याच वखारीत चाळत राहिली. बोली हळूहळू विरली, कारण लपून बोलायचं फारसं उरलं नाही. नव्या मुलींना आरप म्हणजे काय ते सांगावं लागे. पण नवीन मुकादम आला, नवीन दिवाणजी आला, की बायका त्याच्या हाताकडं बघून आपसांत विचारायच्या, "झुंफ?" आणि जुनी कुणीतरी निरखून म्हणायची, "च्."

गुंडू मात्र एकदा गोदामातनं आला होता, दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांत. बाजारात पोरं त्याला बोलून दाखव म्हणून छळत होती. तो अंबुबाईच्या चाळणीपाशी उकिडवा बसला. ख्ख्ररर केलं, आणि टाकायला जागा न सापडून गिळलं.

"अंबुबाई," तो म्हणाला. आजवर अंबी म्हणायचा. "ती बोली तेवढी शिकवा की. सातावर आठवी हुईल."

अंबुबाईनं चाळण खाली ठेवली. त्याच्या करंगळीच्या नखाकडं एकदा पाहिलं आणि त्यांच्या बोलीत, सावकाश, स्पष्ट, एकेक शब्द वेगळा करून त्याला एक लांबलचक गोष्ट सांगितली. तीन वर्षांची सगळी. समोर शालू बसली होती, ती ऐकत होती. मागच्या चाळण्याही थांबल्या होत्या.

गुंडू लक्ष देऊन ऐकत होता.

"हं, हं," तो म्हणाला. "कळलं, कळलं."